एक नाताळगीत, चार पाठ: दोन चर्चच्या एकत्र उपासनेतलं प्रकरण

(प्रकरण खरं आहे. गाव, चर्च आणि माणसं ओळखू येतील अशा खुणा काढल्या आहेत.)

पार्श्वभूमी

इंग्लंडच्या मध्य भागातलं एक लहानसं बाजाराचं गाव. टेकाडावर अँग्लिकनांचं, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत पंथाचं, दगडी चर्च, खाली मुख्य रस्त्याला मेथडिस्टांचं, म्हणजे अठराव्या शतकात त्यातूनच निघालेल्या पंथाचं, विटांचं. दोन्हीकडे माणसं रोडावली, तेव्हा नाताळच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी होणारी कॅरलची, म्हणजे नाताळगीतांची, उपासना एकत्रच करावी, असं दोन्ही मंडळींनी ठरवलं. जागा दगडी चर्चची, कारण ऑर्गन तिथे. पडदा आणि प्रोजेक्टर मेथडिस्टांचा. क्वायर, म्हणजे गायकवृंद, दोघांची मिळून.

मी जन्माने ख्रिस्ती नाही. गाण्याच्या ओढीने या क्वायरमध्ये गेले, आल्टोच्या, म्हणजे बायकांतल्या खालच्या आवाजाच्या, रांगेत उभी राहते, आणि संगणक बरा चालवते म्हणून उपासनेचं पत्रक जुळवायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. नाताळच्या उपासनेत काय काय असतं हे ठरलेलं आहे: बायबलमधली उत्पत्तीपासून योहानापर्यंतची वाचनं, मध्ये मध्ये गाणी. हा साचा १८८० साली कॉर्नवॉलमधल्या ट्रुरोत सुरू झाला आणि १९१८ पासून केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजने तो जगभर नेला. शेवटी सगळे उभे राहतात आणि ‘हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग’ (ऐका, वार्ता आणणारे देवदूत गाताहेत) गातात. पहिल्या एकत्र उपासनेतही हेच गीत शेवटी होतं. त्यावर वाद होईल असं कोणाच्या डोक्यातही नव्हतं. हे गीत सगळ्यांना पाठ असतं, आणि अडचण त्यातूनच आली.

अडचण

पहिलं कडवं दणक्यात झालं. दुसऱ्या कडव्यात ख्रिस्त माणसाच्या देहात राहायला आला, आनंदाने आला, अशी एक ओळ आहे. तिथे चर्चमध्ये एकदम गोंगाट झाला. क्वायरच्या पुस्तकात होतं ‘प्लीज्ड ॲज मॅन विथ मॅन टू ड्वेल’: माणूस होऊन माणसांत राहायला. मेथडिस्टांकडून आलेल्या पुस्तकांत ‘विथ मॅन’च्या जागी ‘विथ अस’, म्हणजे आमच्यात. पडद्यावरचे शब्द गीतं पुरवणाऱ्या एका वर्गणीच्या सेवेतून उतरवलेले, तिथे ओळच वेगळी: ‘प्लीज्ड विथ अस इन फ्लेश टू ड्वेल’. छापील पत्रकात चौथाच प्रकार. तो मजकूर माझ्या आधी काम पाहणाऱ्यांनी कुठल्याशा जुन्या पत्रकावरून घेतला होता.

एक शब्द इकडेतिकडे झाला तर बिघडतं काय, असं वाटेल. पण तीनशे माणसं एका सुरात गात असताना अर्ध्यांचं ‘मॅन’ आणि अर्ध्यांचं ‘अस’ एकाच ठोक्यावर आदळलं की त्या जागी शब्द उरत नाही, नुसता आवाज उरतो. लोक बिचकतात, शेजाऱ्याकडे बघतात, आवाज उतरतो. तिसऱ्या कडव्यात तेच पुन्हा, आणि जास्त. तिथल्या ‘बॉर्न दॅट मॅन नो मोअर मे डाय, बॉर्न टू रेझ द सन्स ऑफ अर्थ’ या ओळींची नवी रूपं पुस्तकागणिक निराळी: कुठे ‘मॅन’चं ‘वुई’, कुठे ‘सन्स ऑफ अर्थ’चं ‘ईच चाइल्ड ऑफ अर्थ’, कुठे ‘अस फ्रॉम द अर्थ’. नेमकं याच कडव्यावर सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच आवाजाची, मंडळी डेस्कँट, म्हणजे मुख्य चालीच्या वरून जाणारी वेगळी चाल, चढवतात. डेव्हिड विल्कॉक्स यांचा हा डेस्कँट १९६१च्या ‘कॅरल्स फॉर क्वायर्स’मधला, इंग्लंडात निम्मे लोक त्याच्यासाठीच थांबलेले असतात. त्या रात्री तो ऐकू आला, पण खाली कोण काय म्हणत होतं ते सांगता येत नव्हतं.

जानेवारीत तक्रारी आल्या आणि त्या एकमेकींच्या उलट होत्या. मुलांच्या क्वायरमधल्या एका मुलीच्या आईचं म्हणणं: मुलगी विचारते की ‘मॅन’ आणि ‘सन्स’ यांत मी येते का, आणि मला दरवर्षी तेच समजावून सांगायचा कंटाळा आलाय. मेथडिस्टांच्या एका ज्येष्ठ उपदेशकांचं पत्र: हे गीत लिहिणारे चार्ल्स वेस्ली आमचे, मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्यांपैकी, त्यांनी लिहिलं तसंच गा, समित्यांनी दुरुस्त केलेलं नको. ऑर्गनिस्ट, निवृत्त संगीतशिक्षक, यांचं म्हणणं: क्वायरच्या पुस्तकाला हात लावू नका, डेस्कँट त्या शब्दांवर बसवलेला आहे. आणखी एक चिठ्ठी होती, बिननावाची, जाड अक्षरांत: पत्रकात ‘सन ऑफ राइचसनेस’चं स्पेलिंग तपासा.

क्वायरच्या कपाटातली पुस्तकं मी तेव्हा एकेक उघडून पाहिली. एका प्रतीत दुसऱ्या कडव्यातल्या ‘मॅन’वर पेन्सिलीची आडवी रेघ आणि वर ‘अस’. त्याच प्रतीत ते ‘अस’ खोडरबरने घासून दुसऱ्या अक्षरात पुन्हा ‘मॅन’ लिहिलेलं, कागद तिथे पातळ झालेला. म्हणजे भांडण आमच्या एकत्र येण्याच्या फार आधीचं होतं. ते पुस्तकातल्या पुस्तकात चालू होतं, एवढंच.

‘मूळ’ म्हणजे कोणतं?

निर्णयाची पहिली जागा ही होती, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचीही. बैठकीत जो तो ‘मूळ शब्द’ म्हणत होता. व्हिकरसाहेबांनी (अँग्लिकन चर्चच्या पाळकांनी) सुचवलं की आधी मूळ काय ते बघू, मग बोलू. उपदेशकांनीच १७३९चा पाठ आणायचं कबूल केलं.

त्या पाठाची गोष्ट अशी. चार्ल्स वेस्ली यांनी हे गीत १७३९ साली भाऊ जॉन यांच्याबरोबर काढलेल्या ‘हिम्स अँड सेक्रेड पोएम्स’मध्ये छापलं. शीर्षक साधं, ‘नाताळच्या दिवसासाठी गीत’. चार-चार ओळींची दहा कडवी. आणि पहिली ओळ: ‘हार्क हाउ ऑल द वेल्किन रिंग्ज, ग्लोरी टू द किंग ऑफ किंग्ज’. वेल्किन म्हणजे आकाशाचा घुमट. सगळं अंतराळ दुमदुमतंय, राजाधिराजाचा जयजयकार होतोय. देवदूत या ओळीत नाहीतच. ‘हेरल्ड एंजल्स’ आणि ‘न्यूबॉर्न किंग’ घातले ते वेस्लींचे ऑक्सफर्डपासूनचे मित्र जॉर्ज व्हाइटफिल्ड यांनी, १७५३ साली, स्वतःच्या मंडळीसाठी काढलेल्या संग्रहात. त्यावरही शंका काढणारे होतेच, कारण लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात देवदूत देवाची स्तुती करत ‘म्हणाले’ असं आहे, ‘गायले’ असं नाही.

पुढे बदल थांबले नाहीत. वेस्लींचं ‘युनिव्हर्सल नेचर से, क्राइस्ट द लॉर्ड इज बॉर्न टुडे’ जाऊन त्या जागी बेथलेहेम आलं. ‘हेवन्ली प्रिन्स ऑफ पीस’चं ‘हेवन-बॉर्न’ झालं. आणि ज्या ओळीवरून आमच्याकडे रणधुमाळी माजली होती ती वेस्लींच्या प्रतीत आहे ‘प्लीज्ड ॲज मॅन विथ मेन टु अपिअर, जीझस, अवर इमॅन्युएल हिअर’. म्हणजे ऑर्गनिस्टांना जपायचं होतं ते ‘विथ मॅन टू ड्वेल’ही वेस्लींचं नव्हे.

चालीचं त्याहून गमतीदार. आज जिच्यावाचून हे गीत सुचतच नाही ती चाल फेलिक्स मेंडेल्सन यांची, पण या गीतासाठी केलेली नव्हेच. छपाईच्या शोधाला चारशे वर्षं झाली म्हणून १८४० साली लाइपझिगमध्ये उत्सव झाला, त्यासाठी त्यांनी गुटेनबर्गच्या गौरवाचं समूहगान रचलं. त्यातला हा एक भाग. इंग्रजीत याला दुसरे शब्द लावायला हरकत नाही, पण धार्मिक शब्दांना ही चाल मुळीच चालणार नाही, असं त्यांनी १८४३ साली आपल्या इंग्रज प्रकाशकाला लिहिलं होतं. १८५५ साली, मेंडेल्सन जाऊन आठ वर्षं झाल्यावर, विल्यम कमिंग्ज या तरुण गायक-ऑर्गनिस्टाने नेमके वेस्लींचे शब्द तिच्यावर बसवले. चाल लांब, म्हणून दोन-दोन कडवी जोडून एक केलं आणि पहिल्या दोन ओळी ध्रुवपदासारख्या शेवटी आणल्या. चाळीस ओळींपैकी चोवीस राहिल्या. शेवटची चार कडवी बहुतेक पुस्तकांतून गेली. ‘कम, डिझायर ऑफ नेशन्स, कम’ हे त्यांतलंच. माझ्या मते साऱ्या गीतात सगळ्यात धीट कडवं ते.

उपदेशकांनी हे सगळं बैठकीत स्वतः वाचून दाखवलं. त्यांचं मला कौतुक वाटलं, कारण वाचता वाचता त्यांची स्वतःची मागणी ढिली पडत होती आणि ते त्यांना कळत होतं. कोणीतरी पियानोवर चाल धरली आणि आम्ही ‘वेल्किन रिंग्ज’ म्हणून पाहिलं. मात्रा चोख बसतात. हसूही खूप आलं. ‘मूळ’ गायचं तर हे गायचं, आणि ते कोणालाच नको होतं.

उपदेशकांच्या हातात आणखी एक कागद होता. १७८०च्या मेथडिस्ट भजनसंग्रहाच्या प्रस्तावनेत जॉन वेस्ली सांगतात: आमची गीतं खुशाल छापा, पण जशीच्या तशी छापा, सुधारायला जाऊ नका, ते तुम्हाला खरोखरच जमणार नाही. आणि बदलायचंच असेल तर खरा पाठ समासात किंवा पानाच्या तळाशी द्या, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका आमच्या माथी येणार नाहीत. मला तिथे बसल्या बसल्या एकनाथ महाराज आठवले. १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करून झाल्यावर त्यांनीही हेच बजावलं: यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नाथांनी स्वतः पाठ तपासूनच हे लिहिलं होतं आणि जॉन वेस्लींनीही इतरांच्या गीतांवर कात्री चालवलेली होती. हे मी बैठकीत बोलले नाही, कारण ज्ञानेश्वरी समजावून सांगेपर्यंत चहा निवला असता.

समोर असलेले पर्याय

‘मूळ’चा आग्रह बाजूला पडल्यावर खरे पर्याय दिसू लागले.

पहिला, क्वायरचं पुस्तक प्रमाण मानायचं. क्वायरला सोपं, पण मुलीच्या आईचा प्रश्न जिथल्या तिथे. दुसरा, पूर्ण आधुनिक पाठ घ्यायचा. मेथडिस्टांच्या पाळकबाईंचा कल इकडे होता, पण त्यांनीच एक अडचण दाखवून दिली. गावातल्या वृद्धाश्रमात आम्ही दरवर्षी कॅरल गायला जातो. तिथे स्वतःच्या मुलांची नावं विसरलेल्या बायका ‘हार्क’ सुरू झालं की तिन्ही कडवी न अडखळता म्हणतात. त्यांतल्या दोघी-तिघी मुलाबाळांबरोबर या उपासनेला येतात आणि कागद हातात घेतच नाहीत. अंध असलेले एक गृहस्थ पहिल्या रांगेत बसतात, तेही अर्थातच पाठ असलेलंच गातात. त्यांच्या तोंडी बसलेला पाठ कागद बदलून बदलणार नाही.

तिसरा पर्याय ‘ज्याने त्याने आपापलं गावं’. म्हणजे गेल्या वर्षीचाच प्रकार, फक्त परवानगीने. चौथा, गीतच वगळायचं. तो एकाने अर्धवट थट्टेत मांडला आणि व्हिकरसाहेबांनी मान वर न करता ‘नाही’ म्हटलं.

पाचवा हळूहळू पुढे आला: ओळीओळीने ठरवायचं. जिथे जुना शब्द वेस्लींचा नाही आणि नवा शब्द एका अक्षराच्या फरकाने बसतो तिथे नवा. जिथे जुना शब्द वेस्लींचाच आहे तिथे जुना. आणि जॉन वेस्लींच्या सांगण्याप्रमाणे पानाच्या तळाशी तळटीप. दिसायला हा पर्याय न्यायाचा होता. आज मागे पाहता तो निम्मा न्यायाचा आणि निम्मा थकव्याचा होता असं माझं मत आहे. बैठक लांबली होती आणि ‘वेस्लींचा शब्द’ ही कसोटी सगळ्यांना निष्पक्ष वाटत होती. पण त्या कसोटीचा मुलीच्या आईच्या प्रश्नाशी काही संबंध नव्हता. जुना शब्द कोणाचा, हे त्या विचारतच नव्हत्या.

काय ठरलं आणि काय केलं

दुसऱ्या कडव्यात ‘प्लीज्ड ॲज मॅन विथ अस टू ड्वेल’ घ्यायचं ठरलं. पहिला ‘मॅन’ ख्रिस्ताविषयी आहे, त्याला कोणाची हरकत नव्हती. तिसऱ्या कडव्यात ‘मॅन’ आणि ‘सन्स ऑफ अर्थ’ तसेच ठेवले: एक, ते वेस्लींचे म्हणून, दोन, डेस्कँटला धक्का लागेल असं ऑर्गनिस्ट म्हणाले म्हणून. या दुसऱ्या कारणाकडे मी पुढे येते.

‘सन ऑफ राइचसनेस’चा निकाल लगेच लागला. बिननावाच्या चिठ्ठीचं बरोबर होतं. बायबलमधल्या मलाखीच्या चौथ्या अध्यायात देवाचं भय धरणाऱ्यांवर नीतिमत्त्वाचा सूर्य उगवेल आणि त्याच्या पंखांत आरोग्य असेल असं वचन आहे. वेस्लींची ओळ त्यावरून आली, म्हणूनच पुढच्या ओळींत प्रकाश आणि पंख येतात. आमच्या पत्रकात सूर्याऐवजी पुत्र छापला होता. इंग्रजीत दोन्हींचा उच्चार एकच, त्यामुळे गाताना काहीच कळत नाही, आणि ख्रिस्ताचं गीत म्हटल्यावर टंकणाऱ्याचा हात आपोआप ‘पुत्र’कडे जातो. ही चूक ठिकठिकाणच्या पत्रकांत सापडते. आम्ही सूर्य परत आणला.

मग पाळकबाईंनी सुचवलं की गळालेल्या कडव्यांपैकी ‘कम, डिझायर ऑफ नेशन्स’ हे शेवटच्या प्रार्थनेत वाचावं, गाऊ नये. राष्ट्रांच्या आशे, ये, आमच्यात तुझं साधंसं घर कर, असं ते कडवं. वाचायला उपदेशकच. यावर कोणाचीच हरकत आली नाही, आणि सगळ्या बैठकीत बिनविरोध झालेली गोष्ट ती एकच.

कामाची वाटणी अशी केली: पत्रकाचा मजकूर हाच प्रमाण, त्याची एक प्रत पडदा सांभाळणाऱ्या मुलाला, वर्गणीच्या सेवेतून काही उतरवायचं नाही, क्वायरच्या पुस्तकांत दुसऱ्या कडव्यातला शब्द पेन्सिलीने बदलायचा, मोठ्या टाइपातली पत्रकं वेगळी छापायची. मजकूर कोणाच्याही सांगण्यावरून परस्पर बदलायचा नाही, बदल व्हिकर आणि पाळकबाई या दोघांच्या होकारानेच. हे शेवटचं कलम मीच लावून धरलं. छपाईच्या आदल्या दिवशी फोन करणारे लोक प्रत्येक समितीत असतात.

परिणाम

उपासना चांगली झाली. दुसऱ्या कडव्यात पुढच्या रांगांतून ‘विथ अस’ स्पष्ट आलं आणि मागून ‘विथ मॅन’ही आलं, पण या वेळी कोणी बिचकलं नाही. कागद बघणारे कागदाप्रमाणे आणि पाठ म्हणणारे पाठाप्रमाणे गात होते. फरक असा की कागद, पुस्तक आणि पडदा तिन्ही एकच सांगत होते, त्यामुळे आपण चुकलो की काय असं गाणाऱ्याला वाटत नव्हतं. पहिल्या वर्षीचा गोंधळ शब्दांनी कमी आणि अशा बिचकण्याने जास्त झाला होता, हे मला तेव्हा उमगलं.

पडद्यावर एक घोटाळा झालाच. पहिल्या कडव्यानंतरची ध्रुवपदाची पट्टी राहून गेली, पडदा कोरा. एकानेही गाणं थांबवलं नाही. बहुतेकांच्या ते लक्षातही आलं नसावं.

उपदेशकांनी कडवं वाचलं तेव्हा चर्च एकदम शांत झालं, आणि नंतर अनेकांनी त्याची प्रत मागितली. त्याउलट, दारात हस्तांदोलन करताना एक गृहस्थ मला अगदी सौजन्याने म्हणाले की पत्रकात चूक राहिली आहे, ‘सूर्य’ नव्हे, ‘पुत्र’ हवा. तळटीप तिथेच खाली होती. टाइप बारीक होता, हे खरं.

मुलीच्या आईने मात्र आम्हाला सोडलं नाही. ‘तुम्ही अर्धं केलंत,’ त्या म्हणाल्या, ‘आणि जे सोडलंत ते मोठं होतं. दुसऱ्या कडव्यात ती आहे, तिसऱ्यात नाही. असं कसं चालेल?’ याला कोणाकडे उत्तर नव्हतं. तळटीप दाखवण्याचा मोह कोणी केला नाही, हे बरं झालं.

एक पत्र उलट बाजूनेही आलं: जुना शब्द बदललात, पुढच्या वर्षी मी माझ्या जुन्या चर्चला जाईन. ते गृहस्थ पुढच्या वर्षी आमच्याकडेच आले आणि त्यांनी ‘विथ मॅन’ मोठ्याने म्हटलं.

वेगळं काय करता आलं असतं

डेस्कँटबद्दलचं कारण तपासलंच गेलं नाही. ऑर्गनिस्टांचा अधिकार मोठा, त्यामुळे ‘शब्द बदलले की डेस्कँट बिघडेल’ हे सगळ्यांनी मान्य केलं. ‘मॅन’ एक अक्षरगट, ‘वुई’ एक अक्षरगट. ‘द सन्स ऑफ अर्थ’ चार, ‘ईच चाइल्ड ऑफ अर्थ’ चार. सोप्रानोंपैकी एकीने पुढच्या फेब्रुवारीत सरावानंतर सहज गाऊन दाखवलं, आणि ऑर्गनिस्ट स्वतःच म्हणाले की बसतंय. फरक असलाच तर ‘वुई’वरचा उंच सूर ‘मॅन’पेक्षा थोडा आवळतो, तोंड तेवढं उघडत नाही. ही अडचण गळ्याची आहे, सरावाने जाणारी. ज्या खोलीत बैठक झाली तिथेच पियानो होता आणि ‘वेल्किन’ गाऊन हसायला आम्हाला वेळ मिळाला होता. त्याच वेळी या दोन ओळी गाऊन पाहिल्या असत्या तर निर्णयातला निम्मा भाग वेगळा झाला असता.

दुसरं, ‘वेस्लींचा शब्द’ ही कसोटी. इतिहास वाचल्याने ‘मूळ’चा हट्ट सैल झाला हे खरं, पण आम्ही तोच इतिहास लगेच पुढच्या निवाड्यासाठी वापरला. दोनशे-अडीचशे वर्षं ज्याने त्याने आपल्या मंडळीला सोसेल तसं हे गीत बदललं, असंच तो इतिहास सांगतो. व्हाइटफिल्डांनी ‘वेल्किन’ काढला तो लोकांना सहज गाता यावं म्हणूनच असणार, असा माझा अंदाज आहे. मग आमच्या मंडळीला काय सोसेल, हा प्रश्न सरळ विचारायला हवा होता. मुलीच्या आईने तोच विचारला होता.

तिसरं, पडदा सांभाळणारा मुलगा बैठकीला नव्हता. त्याला मजकूर मिळाला, पण हा मजकूर का आणि कशासाठी हे कळलं नाही. पट्टी राहिली ती निष्काळजीपणाने नव्हे: त्याच्याकडच्या मांडणीत ध्रुवपद फक्त शेवटी येत होतं आणि पत्रकात ते पहिल्या कडव्याखाली ‘पुन्हा’ एवढ्याच शब्दात दिलेलं होतं. आता पत्रकात प्रत्येक कडव्याखाली ध्रुवपद पूर्ण छापतो. दोन ओळींची जागा जाते, जाऊ दे.

वृद्धाश्रमातल्या मंडळींबद्दलचा मुद्दा मात्र आम्ही योग्य हाताळला असं मला अजूनही वाटतं. पाठ म्हणणाऱ्यांना दुरुस्त करायचं नाही, हे ठरवून टाकल्यामुळे बदल करणं सोपं झालं. वृद्धाश्रमात जाताना आम्ही क्वायरचा जुना पाठच गातो. एकाच क्वायरने दोन ठिकाणी दोन पाठ गाण्यात काही गैर आहे असं ऑर्गनिस्टांनाही वाटत नाही.

सध्याची स्थिती

तिसऱ्या वर्षी तिसऱ्या कडव्यातही ‘वुई’ आणि ‘ईच चाइल्ड ऑफ अर्थ’ आले. तळटीप राहिली, टाइप मोठा केला. उपदेशकांनी या वेळी गळालेल्यांपैकी ‘ॲडम्स लाइकनेस’चं (आदामाच्या रूपाचं) कडवं निवडलं आणि आधी मला त्याचा अर्थ विचारला, मी पाळकबाईंकडे बोट दाखवलं. मजकूर पक्का करायची तारीख नोव्हेंबरचा दुसरा रविवार अशी ठरली आहे, आणि आतापर्यंत ती एकदाच मोडली गेली, तीही व्हिकरसाहेबांकडून.

पुढचा विषय ‘ओ कम, ऑल यी फेथफुल’. फ्रेडरिक ओकली यांनी १८४१ साली लॅटिनवरून केलेलं इंग्रजी रूपांतर त्यांनी स्वतःच नंतर बदललं, त्यामुळे तिथे कवीचेच दोन पाठ आहेत. शिवाय कुमारी मरीयेच्या उदराचा उल्लेख असलेली ओळ मुलांच्या कार्यक्रमात ठेवायची का, यावर दोन्ही चर्चमध्ये दोन-दोन मतं आहेत. सगळे पाठ शेजारी शेजारी लावलेला तक्ता मी सगळ्यांना पाठवला आहे, पडदा सांभाळणाऱ्या मुलालाही. बैठक ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात.